तुम्ही विचारलंत म्हणून : सोलर बसवू का, आणि बॅटरीसकट बसवू का?

हा प्रश्न आला की मी आधी दोन गोष्टी मागतो. एक, गेल्या बारा महिन्यांची वीजबिलं. दोन, तुमच्याकडे वीज किती वेळा जाते आणि किती वेळ जाते. कारण हे दोन वेगळे प्रश्न आहेत. पॅनल लावायचे की नाही हे बिल सांगतं, बॅटरी घ्यायची की नाही हे अंधाराचे तास सांगतात. विक्रेता दोन्ही एकाच कोटेशनमध्ये बांधून समोर ठेवतो, आणि बहुतेकांचे जास्तीचे पैसे तिथेच जातात.

आधी बिल. महावितरणचा घरगुती दर 100, 300 आणि 500 युनिटला टप्पा बदलतो. वीज आकार, वहन आकार आणि त्यावरचं 16 टक्के वीज शुल्क मिळून पहिल्या शंभरातलं युनिट साधारण सहा-सात रुपयांना पडतं, 101 पासूनचं बारा-तेरा रुपयांना. दर बदलत राहतात, ही उडी मात्र कायम आहे. सोलरचं युनिट बिलात सगळ्यात वरच्या टप्प्यातलं युनिट आधी खातं. म्हणून महिन्याला 300 युनिट जाळणाऱ्या घराचे पैसे तीन-चार वर्षांत वसूल होऊ शकतात, आणि 80-90 युनिटवाल्याला सबसिडी धरूनही बरीच जास्त वाट बघावी लागते. मुंबईत बेस्ट, टाटा पॉवर किंवा अदानीचं बिल असेल तर आकडे वेगळे, हिशोबाची रीत हीच. स्थिर आकार सोलर लावल्यावरही भरावाच लागतो, त्यामुळे "बिल शून्य" असं छापलेल्या पत्रकाकडे जरा दुरूनच बघावं.

उत्पादनाचं म्हणाल तर 1 किलोवॅटमागे दिवसाला चार युनिट धरा, म्हणजे महिन्याला 120. ही वर्षाची सरासरी आहे. उन्हाळ्यात आकडा पाचाच्या जवळ जातो, जुलै-ऑगस्टमध्ये झड लागली की दोन-अडीचवर येतो. मे महिन्यात ऊन भरपूर असलं तरी काच 60-65 अंशांपर्यंत तापते, आणि 25 अंशांच्या वर दर अंशाला उत्पादन 0.3 ते 0.35 टक्के घटतं. म्हणजे भर दुपारी बारा-तेरा टक्के नुसते उष्णतेत गेले. पॅनल पत्र्याला चिकटवून बसवू नका, खालून वारा खेळू द्या, असं सांगतात ते यासाठी.

आता 300 युनिटांच्या घराला अडीच ते तीन किलोवॅट पुरतं. पीएम सूर्यघर योजनेत पहिल्या दोन किलोवॅटला प्रत्येकी 30,000 आणि तिसऱ्याला 18,000, असे जास्तीत जास्त 78,000 रुपये मिळतात. तीनच्या पुढे कितीही लावा, सबसिडी तेवढीच. ती ग्राहकाच्या बँक खात्यात नंतर जमा होते, तेव्हा आधी पूर्ण पैसे उभे करावे लागतात. सबसिडीसाठी सेलसकट भारतात बनलेले, म्हणजे डीसीआर पॅनल लागतात. स्वस्त कोटेशनचं गुपित पुष्कळदा इथेच असतं: पॅनल डीसीआर नसतात. कोटेशनवर 'डीसीआर' हा शब्द आणि पॅनलचं मॉडेल लिहून घ्या, माल गच्चीवर चढण्याआधी अनुक्रमांक जुळवा. आणि बॅटरीला या योजनेत एक रुपयाही नाही.

आणखी एक अडचण आपल्याकडे घरोघरी आहे. वीजजोडणी वडिलांच्या किंवा आजोबांच्या नावावर, ते हयात नाहीत, आणि अर्ज करणाऱ्याचं आधार आणि बँक खातं भलत्याच नावाचं. नाव बदलून घेणं हे पहिलं काम, सोलर नंतर. बिलावरचा मंजूर भारही तेव्हाच बघून ठेवा. तो 1 किलोवॅट असेल आणि सोलर 3 चं असेल तर भारवाढ कोण करून देणार हे व्हेंडरकडून आधीच लिहून घ्यावं.

मोठं सोलर लावून वीज विकू, हा मोह मात्र टाळा. नेट मीटरमध्ये, म्हणजे घेतलेली आणि कंपनीच्या लाइनला (ग्रिडला) दिलेली वीज दोन्ही मोजणाऱ्या मीटरमध्ये, या महिन्याची शिल्लक युनिटं पुढच्या महिन्यात जातात खरी, पण आर्थिक वर्ष संपताना, 31 मार्चला, खातं मिटतं. उरलेली युनिटं वीज कंपनी तुमच्या दराच्या मानाने फारच कमी भावात घेते. एप्रिल-मेची शिल्लक पावसाळ्यात वापरता येते, हिवाळ्याची शिल्लक मात्र फार काळ टिकत नाही. म्हणून वर्षाचा एकूण वापर भागिले 1,440 करा. येणारा आकडा हीच तुमची क्षमता, किलोवॅटमध्ये. नवीन एसी किंवा इलेक्ट्रिक स्कूटर नक्की येणार असेल तरच त्यात थोडी भर.

आता बॅटरी. इथला सर्वांत मोठा गैरसमज असा की सोलर आहे म्हणजे लाइट गेली तरी घर चालणार. साधं ऑनग्रिड, म्हणजे ग्रिडला जोडलेलं बिनबॅटरीचं सोलर लाइट जाताच बंद पडतं, मग डोक्यावर कितीही ऊन असो. तो दोष नाही, मुद्दाम केलेली सोय आहे. वीज बंद करून खांबावर चढलेल्या माणसाला तुमच्या गच्चीवरून शॉक बसू नये म्हणून.

पैशांच्या बाजूने बघितलं तर नेट मीटर असेपर्यंत ग्रिड हीच तुमची बॅटरी आहे. दुपारी दिलेलं युनिट रात्री परत मिळतं, मग ते स्वतःच्या बॅटरीत साठवून काय वाचलं? उलट साठवताना आणि काढताना दहाएक टक्के गळती. त्यामुळे "बॅटरीने बिल आणखी कमी होईल" असं कोणी म्हणालं तर त्याला कागदावर मांडून दाखवायला सांगा. जिथे नेट मीटर मिळत नाही, किंवा ग्रिडला दिलेल्या विजेचा वेगळा कमी भाव लागतो, तिथे हे गणित पालटतं. वेळेनुसार दर आता घरगुती ग्राहकांपर्यंत आले आहेत, दिवसाचं आणि रात्रीचं युनिट एकमेकांत वळतं करण्याचे नियम बदलले तरी पालटेल. म्हणून आज हायब्रिड, म्हणजे पॅनल आणि बॅटरी दोन्ही जोडता येणारा इन्व्हर्टर घेऊन ठेवणं आणि बॅटरी पुढे कधीतरी जोडणं हा मधला मार्ग मला पटतो, किमतीतला फरक परवडत असेल तर.

शहरात महिन्यातून दोन-तीनदा तासभर वीज जात असेल तर बॅटरीचा विचार सोडा, घरातला जुना इन्व्हर्टर पुरे. गावाकडे रोज चार तास जात असेल तर बसून मोजा. चार बीएलडीसी (कमी वीज खाणारे) पंखे 120 वॅट, सहा एलईडी 54, राउटर 10, टीव्ही 80, फ्रिज सरासरी 60. झाले सव्वातीनशे वॅट. चार तासांचं सव्वा युनिट. यासाठी अडीच युनिटांची लिथियम बॅटरी भरपूर झाली, आणि विकणारा पाच किंवा दहाची सांगतो. जुना पंखा 75 वॅट खातो, तेव्हा बॅटरी मोठी घेण्याआधी पंखे बदललेले स्वस्त पडतात. पंप, गीझर, एसी बॅकअपवर टाकूच नका. एक हॉर्सपॉवरची मोटर सुरू होताना चालू प्रवाहाच्या पाच-सहापट ओढते आणि इन्व्हर्टर बंद पडतो.

12 व्होल्ट 150 एएचची ट्युब्युलर, म्हणजे घरच्या इन्व्हर्टरला असते तशी पाणी घालायची बॅटरी कागदावर 1.8 युनिट असते, पण रोज अर्ध्याखाली उतरवली तर लवकर मरते, म्हणून हाती नऊशे वॅट-तासच धरा. लिथियम आयर्न फॉस्फेट ऐंशी-नव्वद टक्के वापरता येते आणि चार्ज-डिस्चार्जच्या काही हजार फेऱ्या टिकते. रोज लागणार असेल तर लिथियम, क्वचित लागणार असेल तर ट्युब्युलर आणि दर तीन महिन्यांनी डिस्टिल्ड वॉटर. दोन्हींना उष्णता सोसत नाही, तेव्हा गच्चीवरच्या पत्र्याच्या खोलीत बॅटरी ठेवू नये. झोपायच्या खोलीतही नको, जिन्याच्या वाटेवरही नको.

घरात आधीच बॅकअपचा इन्व्हर्टर असेल तर एक चूक महागात पडते. सोलरची तार त्या इन्व्हर्टरच्या आउटपुट बाजूला जोडली, तर लाइट गेल्यावर सोलरला वाटतं की ग्रिड चालू आहे, आणि ते उलटी वीज इन्व्हर्टरमध्ये ढकलतं. इन्व्हर्टर जळतो. जोडणी मेन बोर्डाकडच्या, म्हणजे इन्व्हर्टरच्या आधीच्या बाजूलाच हवी. वायरमन गच्चीवरून उतरला की हे बोट ठेवून विचारा.

गच्चीबद्दल थोडक्यात. 3 किलोवॅटला सहा मोठे पॅनल, मधली वाट धरून अडीचशे ते तीनशे चौरस फूट, तेही सकाळी नऊ ते चार सावलीविना. तोंड दक्षिणेला, कल 15 ते 20 अंश. पाण्याच्या टाकीची कोपऱ्यावरची सावलीसुद्धा सगळ्या ओळीचं उत्पादन खाली खेचू शकते, कारण पॅनल एकामागे एक जोडलेले असतात. सावली डिसेंबरात बघा, तेव्हा ती सर्वांत लांब पडते. वॉटरप्रूफिंग व्हायचं असेल तर आधी ते उरका; सांगाड्याखाली गळती लागली की सगळं उतरवण्याची मजुरी जीव काढते. स्लॅबला आरपार भोकं पाडण्यापेक्षा काँक्रीटचे ठोकळे बरे, पण त्यांचं वजन वाऱ्याला पुरेल इतकं हवं. भारतीय मानकात पुण्यासाठी वाऱ्याचा वेग 39 मीटर प्रतिसेकंद आहे, मुंबई-नागपूरसाठी 44, आणि कोकण किनाऱ्यावर 2020 चं निसर्ग वादळ बघितलेल्यांना याहून जास्त सांगायला नको. खाऱ्या हवेत सांगाडा हॉट डिप गॅल्व्हनाइज्डच, म्हणजे वितळलेल्या जस्तात बुडवून काढलेलाच हवा, रंग दिलेलं लोखंड दोन पावसाळ्यांत गंजून फुटतं. नारळाच्या झाडाखाली पॅनल? झाड ठेवा, जागा बदला.

अर्थिंग तीन, तीही वेगवेगळी: पॅनलच्या सांगाड्याला, सोलर इन्व्हर्टरच्या घराकडच्या (एसी करंटच्या) बाजूला आणि आकाशातली वीज झेलणाऱ्या वीजरोधकाला. एकाच खड्ड्यात तिन्ही टाकून पैसे वाचवणारे भेटतील. पॅनल धुवायचे ते उजाडताना. तापलेल्या काचेवर गार पाणी नको, आणि बोअरचं क्षारयुक्त पाणी वाळलं की पांढरे डाग बसतात.

बसवल्यानंतर दुपारी वारंवार सोलरचा इन्व्हर्टर बंद पडत असेल तर स्क्रीनवरचं व्होल्टेज बघा. लाइनच्या टोकाला घर असेल, आसपास आणखी सोलर असेल, तर व्होल्टेज चढून इन्व्हर्टर स्वतःला लाइनपासून तोडून घेतो. हा पॅनलचा दोष नसतो, तक्रार वीज कंपनीकडे करायची. दर महिन्याच्या एक तारखेला नेट मीटरच्या आयात-निर्यात दोन्ही रीडिंगचे फोटो काढा. निर्यात बिलात चढलीच नाही, असं होतं, आणि तेव्हा फोटोच कामी येतो.

सगळी रक्कम आगाऊ मागणारा व्हेंडर नको. दहा-पंधरा टक्के हातात राखा, आणि ते नेट मीटर बसून पहिल्या बिलात निर्यातीचा आकडा दिसल्यावरच द्या.