तुम्ही विचारलंत म्हणून: जुनी शिडाची बोट घेताना आधी काय बघायचं?

डेक, म्हणजे बोटीचा वरचा, चालायचा पृष्ठभाग, बघा. केबिनमधल्या गाद्या, नवा प्लॉटर (वाटेचा नकाशा दाखवणारा पडदा), चकचकीत पॉलिश या सगळ्या गोष्टी नंतर पैसे टाकून आणता येतात. आत पाणी शिरलेला डेक मात्र पैसे आणि उन्हाळे दोन्ही खातो.

बहुतेक फायबरग्लास बोटींचा डेक एकजीव नसतो. वर-खाली फायबरग्लासचे पातळ थर आणि मधे बाल्सा लाकूड किंवा फोम असतो. रेलिंगचे खांब, विंच (दोर ओढायचं चक्र), क्लीट (दोर बांधायचा खुंटा) या साऱ्यांचे बोल्ट त्या थरांतून आरपार गेलेले असतात. बोल्टाभोवतीचं सीलंट वर्षांनुवर्षांच्या ताणाने सुटतं, थेंब थेंब पाणी आत जातं आणि बाल्सा कुजतो. वरून काहीच दिसत नाही. म्हणून प्लास्टिकची लहान हातोडी घ्या आणि प्रत्येक फिटिंगभोवती हलके ठोके मारत जा. धड जागी ‘टक्’ असा कोरडा आवाज येतो, कुजलेल्या जागी ‘थप्प’. अनवाणी चाललात तर मऊ पडलेला भाग तळव्यांनाही कळतो. ओलावामापकावर एकट्यावर विसंबू नका. नुकत्याच पाण्याबाहेर काढलेल्या बोटीचा तळ तो ओलाच दाखवणार, आणि पलीकडे धातू किंवा पाण्याची टाकी असली तरी आकडा चढतो.

मग कील, म्हणजे बोटीच्या तळाखालचं जड पातं. बोट खडकावर आदळली की कीलचं पुढचं टोक खाली ओढलं जातं आणि मागचं वर, तळात घुसू पाहतं. त्यामुळे बाहेरून कील आणि तळ यांच्या पुढच्या सांध्यातली भेग शोधा आणि आतून कीलच्या मागच्या टोकावरच्या, तळाला बळकटी देणाऱ्या आडव्या पट्ट्या तळापासून सुटल्यात का ते बघा. नेमक्या तेवढ्याच जागी ताजा रंग दिसला तर कारण विचारा.

डोलकाठीला धरून ठेवणाऱ्या तारांचं वय पावतीवरून ठरवा. पावती नसेल तर बोटीचं वय तेच तारांचं वय. त्यांच्या टोकांवरच्या दाबून बसवलेल्या नळ्या भिंगाखाली तपासा. केसाएवढी चीर किंवा तारेचा एकच तुटलेला पदर दिसला तरी ती तार बाद. खरी भीती चेनप्लेटची, म्हणजे या तारा बोटीला जिथे अडकवतात त्या धातूच्या पट्टीची. स्टेनलेस स्टील हवेत टिकतं, पण डेकच्या आत ओल्या, हवाबंद फटीत ते आतल्या आत खाल्लं जातं. वरचा तुकडा चमकत असताना मधला निम्मा उरलेला असू शकतो.

‘मी पोहोचण्याआधी इंजिन सुरू करू नका’, असं विकणाऱ्याला आधीच सांगा. गेल्यावर इंजिनला हात लावून बघा. गरम लागलं तर दुसऱ्या दिवशी पुन्हा या, कारण थंड डिझेल इंजिन कसं सुरू होतं यातच त्याची तब्येत कळते. निळा धूर म्हणजे तेल जळतंय. काळा धूर म्हणजे भार जास्त किंवा हवा कमी. कधी नुसत्या शंख-शेवाळाने भरलेल्या, बोट ढकलणाऱ्या पाण्यातल्या पंख्यामुळेही येतो. पांढरा धूर इंजिन तापल्यावरही थांबला नाही तर न जळलेलं इंधन किंवा सिलिंडरात पाणी. तेलाचा रंग दुधाळ असेल तर सौदा तिथेच थांबवा.

आकाराबद्दलही विचारता. 30 फुटांऐवजी त्याच घडणीची 40 फुटी घेतली तर लांबी एक तृतीयांशाने वाढते, वजन मात्र जवळजवळ 2.4 पट. नांगर, दोर, शिडं, विंच यांना तेच वजन झेलायचं असतं. माझं मत स्पष्ट आहे: जी बोट तुम्ही आणि सोबतचं एक माणूस मिळून वाऱ्यात धक्क्याला लावू शकता, तेवढीच घ्या.

विसार देताना सर्व्हे (तज्ज्ञाने केलेली बोटीची तपासणी) आणि समुद्रातली चाचणी समाधानकारक झाली तरच व्यवहार, अशी लेखी अट घाला. सर्व्हेअर तुम्हीच निवडा, दलालाने सुचवलेला नको. मालकीची कागदपत्रं सलग हवीत आणि बोटीवर कर्ज नसल्याचा पुरावाही. किमतीच्या निदान पाचव्या हिश्शाइतकी रक्कम दुरुस्तीसाठी वेगळी ठेवा.

आणि बिल्जमध्ये, म्हणजे बोटीच्या तळातल्या सगळ्यात खोल जागी, पाणी दिसलं, त्यावर तेलाचा तवंग नसेल, तर हाताचं बोट त्यात बुडवून जिभेला लावा. गोडं असेल तर पाऊस नाहीतर टाकी. खारट असेल तर समुद्र कुठून आत येतोय ते सापडेपर्यंत विसार देऊ नका.