ग्राफवाला कॅल्क्युलेटर नको, ९९१ घ्या

सांगली, ऑगस्ट. दुपारनंतर उघडीप.

इंजिनिअरिंगचं पहिलं सत्र सुरू झालं की विश्रामबागेतल्या स्टेशनरीच्या दुकानांत पालकांचा ठरलेला प्रश्न असतो : ग्राफ काढणारा टीआय-८४ किंवा कॅसिओ सीजी५० घ्यावा का? माझं मत ठाम आहे. घेऊ नये. हे दोन्ही प्रोग्रॅमेबल आहेत, म्हणजे त्यांत स्वतःचे प्रोग्रॅम लिहून साठवता येतात, आणि आपल्याकडच्या विद्यापीठ परीक्षांत साधारणपणे नॉन-प्रोग्रॅमेबलच चालतो. सत्रभर ज्यावर हात बसला, तोच ऐन पेपरला दाराबाहेर ठेवावा लागतो. ग्राफ बघायला मोबाइलवर डेस्मॉस, जिओजेब्रा फुकट आहेत.

घ्यायचा तो कॅसिओचाच साधा सायंटिफिक, एफएक्स-९९१ ईएस प्लस. तीन चलांची समीकरणं, ३×३ मॅट्रिक्स, कॉम्प्लेक्स नंबर, इंटिग्रेशन. एम-वन, एम-टूला, म्हणजे पहिल्या वर्षाच्या गणिताच्या दोन पेपरांना, एवढं पुरतं. याच ९९१ मालिकेतला ईएक्स चार चलं आणि ४×४ मॅट्रिक्सपर्यंत जातो. इलेक्ट्रिकलवाल्यांनी मात्र एक ध्यानात ठेवावं : समीकरणांच्या मोडमध्ये कॉम्प्लेक्स सहगुणक दोघांनाही चालत नाहीत. एसी नेटवर्कचं गणित आलं, की मोड २ मध्ये, म्हणजे कॉम्प्लेक्स नंबरच्या मोडमध्ये, क्रेमरच्या नियमाचे डिटर्मिनंट स्वतःच मांडून सोडवावे लागतात. नव्या ९९१ सीडब्ल्यूत इंटिग्रेशनचं चिन्ह कॅटलॉगच्या आत गेलंय. तीन तासांच्या पेपरात तेवढी जास्तीची बटणंही जाणवतात.

पण सगळ्यात जास्त मार्क खातो तो पडद्यावरचा बारीक ‘डी’, म्हणजे कोन डिग्रीत असल्याची खूण. शून्य ते पाय, साइन एक्सचं इंटिग्रेशन करून बघा. रेडियनवर २ येतं, डिग्रीवर ०.०८६१. एरर येत नाही, आकडा नीट दिसतो, त्यामुळे मुलांना शंकाच येत नाही. ईएस प्लसवर शिफ्ट, मोड, ४ दाबलं की वर रेडियनचा ‘आर’ येतो. सर्व्हेइंगच्या तासाला न विसरता शिफ्ट, मोड, ३ दाबून परत डिग्रीवर.

समीकरणाचं मूळ शोधणाऱ्या शिफ्ट-सॉल्व्हचंही तसंच. ते न्यूटनच्या पद्धतीनं चालतं आणि एका वेळी एकच मूळ देतं. एक्स वर्ग वजा ५ एक्स अधिक ६ ला सुरुवातीची किंमत ० दिली तर २ मिळतं, १० दिली तर ३. एकच उत्तर लिहून पुढं गेलं की निम्मं गणित राहिलं. वर्ग किंवा घन समीकरण असेल तर सरळ मोड ५, म्हणजे समीकरणांचा मोड.

गेटला, म्हणजे एम.टेक.च्या प्रवेशासाठीच्या परीक्षेला, स्वतःचा कॅल्क्युलेटर नेताच येत नाही. तिथला पडद्यावरचा माउसनं चालवायचा, त्यात ना मॅट्रिक्स ना समीकरणं. म्हणून तिसऱ्या वर्षापासून ३×३ चा डिटर्मिनंट आठवड्यातून दोनदा तरी कागदावर सोडवावा.