उजनीचे साहेब आणि वारीची वाट

मज्जारज्जूला इजा झालेल्या माणसाला वारीला न्यायचे तर पहिला विचार वाटेचा नव्हे, त्वचेचा करावा लागतो. कमरेखाली संवेदना नसल्यामुळे एका जागी बसून होणारी जखम त्याला कळत नाही आणि एकदा ती चिघळली की भरून यायला महिने लागतात. म्हणून दर पंधरा-वीस मिनिटांनी चाकांच्या खुर्चीच्या हातांवर जोर देऊन शरीर वर उचलायचे, चार-सहा तासांनी नळी घालून लघवी काढायची, त्यासाठी आडोसा आणि हात धुवायला स्वच्छ पाणी शोधायचे, आणि रात्री राहुटीत बॅटरीच्या उजेडात माकडहाड व टाचा नीट तपासायच्या, हा आमचा वाटेवरचा नित्यनेम होता. काकडा, हरिपाठ आणि कीर्तन यांच्या वेळा दिंडीत ठरलेल्या असतात. त्यांच्या मधल्या फटींत आम्ही आमच्या वेळा बसवल्या.

मी डी.एड. झालेला आहे. २०१० नंतर शिक्षकभरती वर्षानुवर्षे रखडली, तेव्हा माझ्याबरोबरचे कोणी कंपनीत लागले, कोणी शेतीकडे वळले, आणि मी पुण्यातल्या एका ब्युरोमार्फत पेशंट सांभाळायच्या कामाला लागलो. साहेब पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले अभियंता. अपघातात कमरेखालचे अंग लुळे पडलेले, घरी एकटेच. पहिल्याच आठवड्यात त्यांनी माझे गाव विचारले. मी पळसदेव म्हटल्यावर त्यांनी लगेच विचारले, “जुने की नवे?” हा प्रश्न ज्याने उजनी धरणाचे पाणी चढताना पाहिले आहे, तोच विचारतो. आमचे जुने गाव भीमेच्या काठी होते. आजोबांची नदीकाठची काळी जमीन धरणात गेली आणि मोबदल्याची रक्कम हाती आली तेव्हा तिच्यात चांगली बैलजोडीही येईना, हे मी लहानपणापासून ऐकत आलो होतो. साहेबांनी काही लपवले नाही. नोकरीच्या आरंभी बुडीत क्षेत्राच्या मोजणीवर ते होते आणि आमच्या शिवारात साखळी घेऊन फिरले होते.

त्या रात्री मी ब्युरोला फोन करून दुसरे काम मागितले. सकाळी साहेबांना ते सांगितले, तेव्हा ते म्हणाले, “गुरुजी, जायचे तर अवश्य जा. पण राहणार असाल, तर राग मला तोंडावर सांगत जा. माझे अंग तुमच्या हातात आहे. मनात राग दाबलेल्या माणसाच्या हाती ते देता येणार नाही.” मी राहिलो. त्यानंतर कित्येक संध्याकाळी मी त्यांना पुनर्वसनाबद्दल विचारत राहिलो, आणि त्यांनी खात्याची बाजू न घेता, जे माहीत होते तेवढे उत्तर दिले. आमची मैत्री कृतज्ञतेतून झाली असे लोक समजतात. माझ्या मते ती या जाबसालातून झाली.

वारीची इच्छा माझी नव्हे, त्यांची. आमच्या घरी माळ आहे. साहेबांच्या घरी देव्हाराही नव्हता. आषाढीला चंद्रभागेत स्नानापुरते पाणी हवे म्हणून उजनीतून पाणी सोडतात, आणि नोकरीत असताना साहेबांनी ते सोडलेले होते. मात्र ज्या दिवशी ते पाणी पंढरपुरात पोहोचे, त्या दिवशी त्यांची जागा धरणावर असे. घाट त्यांनी कधीच पाहिला नव्हता. २०२३ च्या आषाढीला ते म्हणाले की दरवाजे उघडणाऱ्याने एकदा तरी पाणी कोणासाठी सोडले ते जाऊन पाहावे.

आम्ही तुकोबांच्या पालखीत यवतला सामील झालो. गावकऱ्यांनी घरोघरी केलेली पिठलं-भाकरी तिथे साऱ्या वारीला मिळते, ती आम्हीही खाल्ली. दिंडीच्या रांगेत खुर्चीची चाके टाळकऱ्यांच्या पायांत येतात, म्हणून आम्ही पहाटे निघून मोकळ्या समाजाबरोबर, म्हणजे कोणत्याही दिंडीत नसलेल्या वारकऱ्यांबरोबर, रथाच्या पुढे चालत असू. डांबरी रस्त्यावर खुर्ची सहज जाते. त्रास होतो तो मुक्कामाच्या रानात, कारण पुढची लहान चाके ढेकळांत रुततात. तिथे खुर्ची उलटी फिरवून मोठ्या चाकांवर मागे ओढत न्यावी लागते. उतारावरही तसेच, पेशंटची पाठ उताराकडे आणि आपण खाली. त्या वर्षी जून जवळपास कोरडा गेला. चिखल लागला नाही, पण उन्हाने खुर्चीचे लोखंड इतके तापे की मी त्यावर ओले उपरणे टाकत असे, कारण भाजलेलेही त्यांना कळले नसते.

वरवंडच्या पुढे एका चांगल्या माणसाने साहेबांच्या मांडीवर दहाची नोट ठेवली आणि हात जोडून तो पुढे गेला. थोड्या वेळाने केळी आली, मग आणखी नाणी. साहेबांचा चेहरा उतरला. मी देणाऱ्यांना अडवू लागलो, तेव्हा त्यांनी मलाच थांबवले. पुढच्या माणसाला त्यांनी स्वतः सांगितले, “माउली, मी मागायला आलो नाही, चालायला आलो आहे.” तो म्हातारा खजील झाला नाही. त्याने नोट परत घेतली, वाकून साहेबांच्या पायांना हात लावला आणि साहेबांनी वाकून त्याच्या पायांना लावायचा प्रयत्न केला. हात पोहोचेना, तसा त्याने पाय उचलून खुर्चीच्या पायदानावर ठेवला. वारीत प्रत्येक जण प्रत्येकाच्या पाया पडतो, हे मी जन्मापासून पाहत आलो आहे. ज्याला वाकता येत नाही त्याच्याकडे पाय घेऊन येणारा माणूस मी तिथे प्रथम पाहिला.

रोटी घाटात रथाला जादा बैलजोड्या जोडतात. आमच्या खुर्चीला एका दिंडीतली पोरे लागली, आणि न विचारता त्यांनी ती धावतच वर नेली. वर पोहोचल्यावर साहेबांनी त्यांना बसवून घेतले आणि ब्रेक कुठे असतो, पट्टा का बांधतात, ढकलण्याआधी का विचारावे, हे एखाद्या कार्यस्थळावर सांगावे तसे सांगितले. पोरांनी मनापासून ऐकले आणि त्यानंतर ती रोज विचारून येत. त्यांच्यातल्या एका वीणेकऱ्याने साहेबांना कूर्मदासांची कथा सांगितली. हातपाय नसलेले ते भक्त पैठणहून सरपटत निघाले, माढा तालुक्यातल्या लऊळपर्यंत पोहोचले, पुढे शरीर चालेना, आणि पांडुरंगच त्यांना भेटायला लऊळला आला. साहेब बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, “म्हणजे जाता येत नाही त्याच्यापर्यंत येण्याची जबाबदारी देवाने मानली. आपल्या कचेऱ्यांनी मानली असती तर जिने नसते.” हे बोलणे मला आजही खरे वाटते.

इंदापूरच्या मुक्कामात मी मामाची जीप मागवली आणि साहेबांना पळसदेवच्या काठावर नेले. उजनीचा एकूण साठा ११७ टीएमसी (अब्ज घनफूट), त्यातला सुमारे ६४ मृत साठा, म्हणजे नेहमीच्या वापराच्या पातळीखालचा. त्या जूनमध्ये पाणी मृत साठ्यातही बरेच खाली गेले होते आणि जुन्या पळसनाथाचे मंदिर उघडे पडले होते. भेगाळलेल्या गाळात खुर्ची नेणे शक्य नव्हते. साहेबांनी काठावरूनच मोजणीच्या रेषेचा अंदाज घेतला आणि मंदिराच्या कोणत्या अंगाला कोणाचे रान होते ते सांगत गेले. आजोबांचे नाव घेण्यापूर्वी ते थांबले. “ती जमीन चांगली होती, हे मी तेव्हाच्या टिपणात लिहिले होते. मोबदला ठरवताना ते कोणी वाचले नाही, आणि मी पुन्हा विचारले नाही,” असे ते म्हणाले. मला उत्तर सुचले नाही. मी त्यांना उचलून जीपमध्ये बसवले, खुर्चीच्या हवेच्या गादीतली हवा तपासली, आणि आम्ही मुक्कामी परतलो. रात्री मी आईला फोन करून आजोबांची जमीन चांगली होती असे लिहून ठेवणारा एक माणूस होता, एवढे सांगितले. ती रडली.

सराटीचे नीरास्नान, अकलूजचे रिंगण हे सगळे झाले. त्याचे वर्णन अनेकांनी केले आहे. पंढरपुरात दर्शनरांगेचा विचारही आम्ही केला नाही. दुरून कळस पाहिला आणि घाटाच्या वरच्या पायरीशी गर्दीच्या कडेला खुर्ची लावली. साहेबांनी पाण्याकडे पाहत, हे किती क्युसेकने सोडले असेल याचा हिशोब मला तोंडी घातला, कारण शिक्षक अभियोग्यता चाचणी मी त्यांच्याकडे गणित शिकूनच दिली होती. मी उत्तर चुकवले. त्यांनी पुन्हा करायला लावले.

२०२४ मध्ये शिक्षकभरतीच्या पवित्र पोर्टलवरून माझी जिल्हा परिषदेच्या शाळेत नेमणूक झाली. नव्या मदतनिसासाठी आम्ही दोघांनी मिळून एक वही लिहिली. अग्रक्रम कोणत्या कामाला द्यायचा यावरून दोन पानांवर आमचा वाद अजून मिटलेला नाही. आषाढी शाळेच्या दिवसांत येते, त्यामुळे मला सबंध वारी करता येत नाही. शनिवारी शाळा सुटली की मी जमेल त्या मुक्कामावर पालखी गाठतो, आणि पोहोचल्याबरोबर साहेब नव्या मुलासमोर मला त्यांच्या टाचा तपासायला सांगतात.