मेंटॉर मिळाला, पुढे काय? (माझा अनुभव)

मेंटॉरशिपचा कार्यक्रम जाहीर झाला की एचआरचा फॉर्म येतो, जोड्या लागतात, पहिली मीटिंग झोकात होते आणि दोन-तीन महिन्यांत सगळं थंडावतं. या प्रक्रियेतून मी आधी मेंटी (शिकणारी) म्हणून गेले, आता मेंटॉर (अनुभवातून शिकवणारी) म्हणून जाते आहे. दोन्ही बाजूंनी बघून माझं मत पक्कं झालंय. मेंटॉर किती मोठ्या पदावरचा आहे याने फारसा फरक पडत नाही. मेंटी मीटिंगला काय घेऊन येते, यावर जवळजवळ सगळं ठरतं.

गडबड फॉर्मपासूनच सुरू होते. 'कोणतं कौशल्य वाढवायचं आहे?' या रकान्यात बहुतेक जण 'लीडरशिप' नाहीतर 'कम्युनिकेशन' लिहून मोकळे होतात. जोडी लावणाऱ्याला त्यावरून काडीचाही बोध होत नाही. तिथे एखादं काम लिहावं, जे आज आपल्या वतीने दुसरंच कुणीतरी करतं आणि सहा महिन्यांनी आपल्याला एकटीला जमायला हवं. उदाहरणार्थ, 'मोठ्या कामाला किती दिवस लागतील याचं एस्टिमेट देणं आणि क्लायंटच्या प्रश्नांना तोंड देणं.' मग ते काम नेहमी करणारा माणूस शोधता येतो.

थेट मॅनेजरला मेंटॉर करू नये, तो कितीही चांगला असला तरी. अप्रेझल ज्याच्या हातात, त्याच्यासमोर 'हे मला जमत नाही' हे वाक्य तोंडातून बाहेर पडत नाही, आणि ते पडल्याशिवाय खऱ्या शिकण्याला सुरुवात होत नाही. दुसऱ्या टीममधला, एक-दोन पायऱ्या वरचा माणूस बरा. त्याहून फार वरच्यांना आपल्या पायरीवरच्या अडचणी आठवत नाहीत, आणि त्यांच्या कॅलेंडरमध्ये जागाही मिळत नाही. मॅनेजरला मात्र अंधारात ठेवू नये, कारण हात बसवण्यासाठी लागणारं काम शेवटी तोच देणार असतो.

पहिल्या भेटीत ओळखीपाळखी झाल्या की नियम ठरवून टाकावेत. दर दोन आठवड्यांनी पाऊण तास, एकूण सहा महिने. मीटिंग रद्द करावी लागली तर रद्द करणाऱ्यानेच त्याच आठवड्यातली दुसरी वेळ द्यायची. बोललेलं बाहेर जाणार नाही. एचआरला फक्त भेटी होतात की नाही एवढंच कळवायचं. आणि दीड महिन्याने दोघांपैकी कुणालाही कारण न देता थांबता यावं. ही शेवटची सोय नसली की न जुळलेल्या जोड्या निव्वळ भिडेखातर रेटल्या जातात.

पुढच्या प्रत्येक भेटीच्या आदल्या दिवशी मेंटीने अर्ध्या पानाची नोंद पाठवायची: मागच्या वेळी ठरलेलं काय केलं, कुठे अडलं, आज काय बघायचं. सोबत खरं काम जोडायचं. रिपोर्टचा मसुदा, अवघड ईमेल, एस्टिमेटची शीट, काहीही चालेल. समोर काम नसलं की पाऊण तास मेंटॉरच्या जुन्या किश्शांत नाहीतर मॅनेजरविषयीच्या गाऱ्हाण्यांत जातो. दोन्ही ऐकायला बरं वाटतं, हाताला काही लागत नाही.

शीटचंच घ्या. त्यात 'टेस्टिंग: ५ दिवस' अशी ओळ असते. चांगला मेंटॉर ती दुरुस्त करत नाही, 'हे ५ कुठून आले?' असं विचारतो. उत्तर बहुधा 'अंदाजे' असं येतं. मग तो मागच्या तशाच कामाची नोंद उघडायला लावतो. चुका सापडल्यावर त्या सुधारून पुन्हा टेस्ट करण्यात गेलेले दिवस तिथे दिसतात, जे नव्या शीटमध्ये धरलेलेच नसतात. एका आकड्याचे तीन होतात: सगळं सुरळीत गेलं तर ४, बहुधा ६, घोळ झाला तर १४. मधल्याला चौपट वजन देऊन तिन्हींची बेरीज करायची आणि ६ ने भागायचं: ४ + २४ + १४ = ४२, भागिले ६, म्हणजे ७ दिवस. (ही पर्ट पद्धत. अमेरिकी नौदलाच्या पोलॅरिस क्षेपणास्त्र प्रकल्पासाठी १९५० च्या दशकात ती तयार झाली.) सूत्र कुठेही वाचायला मिळतं. तो १४ शीटमध्ये ठेवायचा की नाही, आणि 'हे कमी करा' म्हणणाऱ्या क्लायंटला नेमकं काय सांगायचं, हे ज्याने अनेकदा केलंय त्याच्या शेजारी बसूनच कळतं.

म्हणून निदान दोन वेळा मेंटॉर क्लायंटशी बोलत असताना तिथे बसायला मिळायला हवं. नंतर दोन वेळा मेंटीने बोलायचं आणि मेंटॉरने गप्प राहायचं. हे सीनिअर मंडळींना फार जड जातं. मीटिंग संपली की त्याच दिवशी १५ मिनिटं उजळणी करावी. आठवड्याने दिलेला फीडबॅक 'छान झालं, थोडा आत्मविश्वास वाढव' इतका गुळमुळीत झालेला असतो.

करिअरबद्दल थोडं. मेंटॉरशिपच्या अभ्यासक कॅथी क्रॅम यांनी १९८० च्या दशकातल्या संशोधनात मेंटॉरच्या मदतीचे दोन भाग केले: करिअर पुढे नेणारी आणि मनाला आधार देणारी. पहिल्या भागात शिफारसही येते, म्हणजे बढतीची चर्चा चालू असताना आपलं नाव घेणं. प्रत्येक मेंटॉर ते करेलच असं नाही. सुरुवातीलाच 'माझ्या प्रमोशनचं बघाल का?' असं विचारलं तर नातं तिथेच अवघडतं. 'वरच्या पदासाठी निवड करताना कोणतं काम बघतात?' असं विचारावं. उत्तर मिळालं की तशा कामांची तारखेसह नोंद ठेवायला लागावं. कुणी शिफारस करायचं मनावर घेतलं तरी त्याला सांगायला काहीतरी ठोस लागतंच.

सहावा महिना आला की फॉर्मवर लिहिलेलं काम मेंटीने एकटीने करायचं. मेंटॉरने ते पूर्ण झाल्यावर बघायचं, आधी नाही. पहिली शीट आणि ही शीट शेजारी-शेजारी ठेवली की फरक वेगळा समजावून सांगावा लागत नाही. त्या दोन्ही घेऊन मॅनेजरकडे जावं आणि पुढचं एस्टिमेट स्वतःकडे मागून घ्यावं.