हिरा घेतला, सर्टिफिकेटही आहे. तरी पारखून घ्यायचा का?

सुटा हिरा घेतला होता, सोबत जीआयए या हिरे तपासणाऱ्या प्रयोगशाळेचा रिपोर्ट. वजन, रंग, क्लॅरिटी म्हणजे आतला स्वच्छपणा, कट सगळं छापील. मग पुन्हा पदरचे पैसे मोडून त्रयस्थाकडून तपासणी कशाला, असं घरातल्या सगळ्यांचं मत. माझं मत पक्कं व्हायला वेळ लागला, कारण ‘व्हॅल्युएशन’ या एकाच नावाखाली लोक दोन वेगळी कामं सांगत होते. एक, हातातला हिरा रिपोर्टमधलाच आहे ना, ते बघणं. दुसरं, त्याची किंमत लिहून देणं. जीआयएच्या रिपोर्टमध्ये किंमत नसतेच. आणि मला तेव्हा किंमत नकोच होती, ती मी नुकतीच मोजली होती.

पहिल्या कामातलं थोडं घरी जमतं. रिपोर्टचा नंबर प्रयोगशाळेच्या संकेतस्थळावर टाकून बघितला, तपशील जुळले. मग दहापट भिंग. हिऱ्याची कडा, म्हणजे गर्डल, त्यावर बऱ्याचदा लेझरने तोच नंबर कोरलेला असतो. चिमट्यात हिरा आडवा धरून सावकाश फिरवत राहायचं. बराच वेळ नुसता चकचकाट दिसतो आणि मग एकदम बारीक आकडे समोर येतात. फार बरं वाटलं! पण नंबर दुसऱ्या खड्यावरही कोरता येतो. असे बनावट कोरलेले खडे प्रयोगशाळांनी पकडलेही आहेत, आणि त्यांतले काही प्रयोगशाळेत वाढवलेले हिरे होते. तसा हिरा नुसत्या भिंगाने ओळखू येत नाही. उष्णता मोजणारा पेनासारखा टेस्टरही त्याला हिराच म्हणणार, कारण तो हिराच असतो, फक्त खाणीतला नसतो. साधा टेस्टर तर मॉयसनाइट या हिऱ्यासारख्या दिसणाऱ्या दुसऱ्याच खड्यालाही फसतो. खाणीतला की प्रयोगशाळेतला, हे ठरवायला वेगळी यंत्रं लागतात. इथे माझं ठरलं, तपासून घ्यायचा.

तेही अंगठीत बसवायच्या आधी आणि परतीची मुदत संपायच्या आत. एकदा कोंदणात गेला की वजन काट्यावर होत नाही, मापांवरून अंदाजच बांधावा लागतो. धातूच्या छटेमुळे रंगही नीट ठरवता येत नाही.

माणूस शोधताना मी फोनवर तीनच गोष्टी विचारत होते. तुम्ही हिरे विकता किंवा विकत घेता का? फी ठरलेली आहे की किमतीच्या टक्क्यांत? काम माझ्यासमोर कराल का? एक जण म्हणाले, “घेऊन तर या, आवडला तर आम्हीच ठेवून घेऊ.” तो फोन तिथेच संपला. टक्क्यांवर फी घेणाऱ्याला किंमत फुगवण्यातच फायदा, म्हणून तेही नकोत.

शेवटी ज्यांच्याकडे गेले त्यांनी आधी हिरा स्वच्छ केला, काट्यावर ठेवला, मग गेजने मापं घेतली. रिपोर्टवर ६.४३ – ६.४६ × ३.९७ मिलिमीटर होतं. गोल ब्रिलियंटसाठी, म्हणजे नेहमीच्या गोल घडणीच्या हिऱ्यासाठी, सरासरी व्यासाचा वर्ग गुणिले खोली गुणिले ०.००६१ केलं की साधारण कॅरट वजन येतं, म्हणजे इथे एकच्या जरा वर. ते काट्याशी जुळलं. हा हिशोब मी त्यांच्यासमोरच मोबाइलवर केला, त्यांना गंमत वाटली असावी. मग मायक्रोस्कोप. रिपोर्टमधल्या आकृतीत कडेजवळ एक बारीक फेदर, म्हणजे पिसासारखी चीर, दाखवली होती. त्यांनी ती शोधून मलाही बघायला लावली. “ताई, नंबर खोटा कोरता येईल, ही चीर कुठून आणणार?” नैसर्गिक असल्याची खात्री त्यांनी यंत्रावर करून दिली. शिवाय सांगितलं, जडणाऱ्याला ही जागा दाखवा, प्रॉंगचा, म्हणजे हिरा धरून ठेवणाऱ्या धातूच्या आकड्याचा, दाब नेमका तिथे येऊ देऊ नका. हे मला कुठल्याच कागदावरून कळलं नसतं.

किमतीचा दाखला मी अंगठी तयार झाल्यावर, विम्यासाठी घेतला. त्यातला आकडा असतो तशीच वस्तू नव्याने घ्यायला लागणाऱ्या रकमेचा. तो वाचून घरात एक जण म्हणाला, “म्हणजे आपण स्वस्तात घेतला!” तसं नसतं. विकायला गेलं तर हाती पुष्कळ कमी येतात, आणि आकडा फुगवला तर हप्ता मात्र दरवर्षी वाढीव भरावा लागतो. म्हणून मी खरेदीची पावती दाखवली आणि आकडा तिच्यापेक्षा वेगळा का, हे दाखला देणाऱ्यांकडून समजून घेतलं.

अंगठीच्या बाजूचे बारीक हिरे मात्र मी एकेक तपासून घेतले नाहीत. तपासणीची फी त्यांच्या किमतीला भारी पडली असती.