जयंतीच्या रात्रीच्या कॅसेट

वरळीच्या बीडीडी चाळीत एप्रिल लागला की संध्याकाळी कुठल्या ना कुठल्या खोलीतून ढोलकीवर थाप ऐकू यायची. परीक्षा तोंडावर आलेल्या असायच्या, पण पोरांचं सगळं लक्ष बाबासाहेबांच्या जयंतीकडे. 13 तारखेच्या रात्री बाराच्या ठोक्याला मेणबत्त्या लागायच्या, फटाके वाजायचे, पांढऱ्या साड्या नेसलेल्या आया-मावश्या वंदनेला बसायच्या. आणि 14 च्या रात्री दोन चाळींच्या मधल्या जागेत स्टेज चढायचं. मिरवणूक सगळीकडेच निघते. आमच्या मंडळाचा खरा मान होता तो कव्वालीचा सामना. नायगाव आणि डिलाईल रोडवरून माणसं चालत यायची ऐकायला.

त्या सामन्यात वर्षानुवर्षं एक जोडी गायली. सख्खे भाऊ, दोघेही गिरणीत. चाळीत त्यांना थोरले शायर आणि धाकटे शायर एवढंच म्हणायचे, मीही तेवढंच म्हणतो. थोरले पेटीवर बसायचे, डोळे मिटून वरच्या पट्टीत सुरुवात करायचे. धाकट्यांच्या हातात डफ. मागे बेंजो, ढोलकी आणि टाळ्यांना बसलेली कोरसची चार पोरं. आधी बुद्धवंदना, मग भीमवंदना, मग समोरच्या पार्टीचा सवाल. सवाल कधी महाडच्या तळ्याचा, कधी गौतमाच्या गृहत्यागाचा, कधी घटनेतल्या कलमाचा. जवाब तिथल्या तिथे, काफिया म्हणजे यमक जुळवून द्यायचा. ज्याला शाळेत इतिहास कंटाळवाणा वाटायचा त्याला काळाराम मंदिराचा सत्याग्रह 1930 चा हे इथेच पाठ झालं.

ही परंपरा आमच्या चाळीची एकटीची नाही. 1928 साली पुण्यात जनार्दन सदाशिव रणपिसे यांनी बाबासाहेबांची जयंती पहिल्यांदा साजरी केली. पुढे भीमराव कर्डकांचा जलसा गावोगाव फिरला. मग सिन्नरजवळच्या देशवंडीचे वामनदादा कर्डक आले. ‘उद्धरली कोटी कुळे’ हे त्यांचंच, आणि ते येत नाही असा माणूस आमच्या मजल्यावर तरी नव्हता. प्रल्हाद शिंद्यांचा आवाज तर सकाळपासून भोंग्यावर असायचा. पंढरीची वाट आणि भीमाचं गाणं एकाच गळ्यातून येताना आम्ही लहानपणी ऐकलं, आणि त्यात आम्हाला कधी काही वेगळं वाटलं नाही. वामनदादा आणि प्रल्हाददादा दोघेही 2004 सालीच गेले. ऐंशीच्या दशकात आनंद आणि मिलिंद शिंदे या भावांच्या कॅसेट घरोघर पोचल्या तेव्हा आमच्या चाळीतल्या म्हाताऱ्या अभिमानाने म्हणायच्या, आपल्याकडेपण आहे की भावांची जोडी. फक्त आपल्या जोडीची कॅसेट दुकानात मिळत नव्हती.

ती मिळत होती माळ्यावर. नव्या टॉवरमध्ये जायची वेळ आली, 160 चौरस फुटांची खोली रिकामी करताना एका घराच्या पोटमाळ्यावर बिस्किटाचा पत्र्याचा डबा निघाला. आत जयंतीच्या कॅसेट, प्रत्येकीवर निळ्या शाईत वर्ष. सगळ्यात जुनी 1982 ची. ते वर्ष बघूनच माझ्या पोटात कालवलं. जानेवारीत गिरण्यांचा संप सुरू झाला होता. एप्रिलपर्यंत कुणाच्याच घरात पगार नव्हता, दोन्ही शायरांच्याही नाही. तरी त्या वर्षी सामना झाला.

चाळीतलाच एक मुलगा साउंड रेकॉर्डिस्ट आहे. त्याने डबा घरी नेला आणि रात्री जागवून कॅसेट साफ केल्या. त्याचं काम मी शेजारी बसून बघितलं आहे. टू-इन-वन म्हणजे रेडिओ आणि टेप एकत्र असलेलं यंत्र, त्यातले सेल उतरत आले की टेप हळू फिरते, आणि अशी भरलेली टेप नीट मशीनवर लावली की गाणं पळतं, आवाज चिरका होतो. मूळ वेग सापडला तो ॲम्प्लिफायरच्या गुणगुणीवरून. वीज आपल्याकडे 50 हर्ट्झची, त्यामुळे भोंग्याची घूंऽऽ त्याच आकड्याच्या हिशेबात बसायला हवी. ती जिथे वर सरकली होती तिथे त्याने वेग कमी करून अख्खी टेप खाली ओढली. मग थोरल्यांच्या पेटीचा सूर पट्टीशी ताडून बघितला. बरोबर काळी चार पट्टी.

आणि तेव्हा धाकटे शायर ऐकू आले.

हे नीट सांगायला हवं. आम्ही ती जोडी भोंग्यावर ऐकली. भोंगा मधला आवाज तेवढा फेकतो, खालचा खर्ज गिळून टाकतो. त्यामुळे आमच्या सगळ्यांच्या आठवणीत थोरले गायचे आणि धाकटे साथ द्यायचे. पण टेप भरणाऱ्याने टू-इन-वन भोंग्यापासून लांब, स्टेजच्या पायरीशी ठेवलेला होता. साफ केलेल्या गाण्यात थोरल्यांची ओळ वर जाते आणि तिच्या खाली, जवळजवळ बोलल्यासारखी, धाकट्यांची ओळ चालत राहते. थोरले श्वास घेतात तिथे धाकटे शब्द उचलतात, सवालाचा जवाब आधी त्यांच्याकडूनच येतो, भाऊ तो वर नेतो. शायरी त्यांची होती! इतकी वर्षं आम्ही टाळी दुसऱ्याला देत होतो, आणि थोरल्यांना ते माहीत असणारच, कारण 1984 च्या कॅसेटमध्ये एका अंतऱ्यानंतर ते माईक बाजूला करून ‘वा, धाकट्या’ म्हणतात. ते मी पुन्हा पुन्हा ऐकलं.

एक वाद मात्र झाला. नव्या पोरांचं म्हणणं होतं, फक्त गाणी ठेवा, मधले पुकारे काढा. पुकारे म्हणजे बक्षिसाचे. ‘बारा नंबर चाळीतील अमुक भाऊंकडून शायरांना दोन रुपये, मंडळ त्यांचे आभारी आहे.’ दर कडव्याला गाणं थांबतं, हे खरं. पण 1982 च्या टेपवर पुकारे एक रुपयाचे आहेत, आठ आण्यांचे आहेत, आणि नावं त्या माणसांची आहेत ज्यांच्या घरी तेव्हा चूल पेटायची पंचाईत होती. त्यातली बहुतेक माणसं आज नाहीत. जुन्या बायका हटून बसल्या, पुकारे राहिले. माझ्या मते तोच त्या कॅसेटचा सगळ्यात मोलाचा भाग आहे.

जयंतीला मंडळाने ही गाणी प्रत्येक घरात पेन ड्राइव्हवर दिली. पहाटेपर्यंतचा सामना आता होत नाही, रात्री ठरल्या वेळेला स्पीकर बंद करावा लागतो. पण संध्याकाळी नव्या इमारतीखाली ती लावली तेव्हा पोरीबाळी खुर्च्या सोडून खाली सतरंजीवर येऊन बसल्या, आणि कोरसची टाळी जिथे पडते तिथे म्हाताऱ्यांची टाळी आपोआप पडली. धाकट्या शायरांची नात पहिल्या रांगेत होती. आजोबांचा आवाज तिने त्याआधी ऐकलेला नव्हता.

डब्यात 1991 ची कॅसेट नाही. जन्मशताब्दीचं वर्ष, त्या वर्षी सामना दोन रात्री चालला होता आणि रेकॉर्डिंग नक्की झालं होतं, टू-इन-वन स्टेजच्या पायरीवर मी स्वतः बघितला होता. बीडीडीतून कल्याण, बदलापूर, पनवेलला गेलेल्या कुणाच्या घरी निळ्या शाईत ‘जयंती 91’ लिहिलेली कॅसेट असेल तर ती पुसू नका, वाजवूही नका. मंडळाला कळवा, आम्ही घ्यायला येऊ.