मे महिन्यातल्या चादरी

मंगळवारी पहाटे पावणेपाचला रजिस्टर घेऊन मी राफ्टच्या, म्हणजे इमारतीखालच्या पायाच्या जाड काँक्रीटच्या, कडेला उभी होते. तापमान मोजायच्या पाच नंबरच्या पॉइंटचा आकडा बघून आधी वाटलं, वायर तुटली. मधल्या थराचं तापमान ६६ अंश आणि वरच्या थराचं ४१. दोन तासांपूर्वी हाच वरचा आकडा ५१ होता. वायर तपासली, शाबूत होती. मग बॅटरीचा झोत त्या कोपऱ्यावर टाकला. आम्ही पांघरलेल्या चादरी, थर्मोकोल, प्लॅस्टिक सगळं काढून बाजूला नीट रचून ठेवलेलं. काँक्रीटवर मातीची आळी घातलेली आणि टँकरचा पाइप मोकळा सोडलेला. पाणी घोट्यापर्यंत आलं होतं.

पाइपाजवळ आमचे अण्णा उभे होते. तीस वर्षं गवंडीकाम केलेला माणूस. मला बघून म्हणाले, "मॅडम, तुम्ही कशाला उठलाव? मी हाय की. लई तापलंय बघा खालून, म्हणून पाणी सोडलं."

ही इमारत बावीस मजल्यांची. वर पोहण्याचा तलाव, प्रत्येक मजल्यावर दोनच फ्लॅट, तिन्ही बाजूंनी बाल्कनी. सोलापुरात एवढं उंच बांधायचं म्हटलं की लोक आधी विमानतळाचं विचारतात. होटगी रोडच्या धावपट्टीच्या आड येते म्हणून जून २०२३ मध्ये साखर कारखान्याची चिमणी पाडली, ते गावानं डोळ्यांनी बघितलंय. आमच्या उंचीचा परवाना आधीच हातात होता. फ्लॅट बघायला येणारी माणसं विचारायची ते वेगळंच: सिद्धेश्वराचं तळं दिसेल का, इटालियन मार्बल कुठल्या खोल्यांत. पायाबद्दल कुणी विचारलं नाही. विचारावं अशी माझी अपेक्षाही नव्हती, तो विचार करायला आम्ही होतो.

प्लॉटवर वरचं काळं रान काढलं, खाली मुरूम, त्याच्याखाली कातळ. पण कातळ सगळीकडे सारखा नव्हता. पूर्वेला पोकलेनचा ब्रेकर टणटण वाजायचा, पश्चिमेला बकेट सहज आत जायचं. एक बाजू घट्ट, एक बाजू नरम, अशा जमिनीवर प्रत्येक कॉलमला सुटं फुटिंग, म्हणजे वेगळा पाया, दिलं असतं तर एक कमी खचला, एक जास्त, असं झालं असतं. म्हणून सगळ्या इमारतीखाली एकच जाड राफ्ट घ्यायचं ठरलं. ३० मीटर लांब, २० मीटर रुंद, दीड मीटर जाड. म्हणजे ९०० घनमीटर काँक्रीट, मिक्सरच्या दीडशे खेपा, आणि मध्ये कुठेही न थांबता.

भूकंपाचं म्हणाल तर त्या डिझाइनच्या पानांवर माझा जीव जास्त गुंततो, त्याला कारण आहे. ३० सप्टेंबर १९९३. आदल्या दिवशी गणपती विसर्जन झालेलं, सगळं गाव उशिरा झोपलेलं. पहाटे चारच्या सुमारास फळीवरची भांडी वाजायला लागली आणि आईनं मला उचलून अंगणात नेलं. मी नऊ वर्षांची होते. किल्लारी तेव्हा नकाशावर सगळ्यात कमी धोक्याच्या पट्ट्यात होती. दगडमातीच्या घरांखाली जवळपास दहा हजार माणसं गेली. जखमी सोलापूरच्या सिव्हिलला आणत होते, त्या गाड्या मला आठवतात. आजही कुणी "एवढं कशाला बघायचं" म्हटलं की मला ती पहाट आठवते आणि मी बघतेच.

काँक्रीटचं तसंच. सिमेंटला पाणी लागलं की ते गरम होतं. सहा इंची स्लॅबमधून ती उष्णता निघून जाते, कुणाला कळतही नाही. दीड मीटर जाडीत ती कोंडते. आतला भाग ७० अंशांच्या वर गेला तर पुढे काही वर्षांनी तो आतून फुगून चिरफळू शकतो. आणि आतलं व वरचं यांत २० अंशांपेक्षा जास्त फरक पडला तर वरचं आकसायला बघतं, आतलं फुगलेलंच असतं, आणि दोन दिवसांच्या कोवळ्या काँक्रीटला तो ताण सोसत नाही. म्हणून मिश्रणात सिमेंट कमी केलं आणि एक तृतीयांशाच्या आसपास फ्लाय ॲश, म्हणजे वीज केंद्रातली कोळशाची राख, घेतली. पाण्याच्या जागी जमेल तितका बर्फाचा चुरा टाकला. शनिवारी संध्याकाळी पाचला, ऊन उतरल्यावर सुरुवात केली. दुबईच्या ८२८ मीटर उंच बुर्ज खलिफाचं काँक्रीटही उन्हाळ्यात रात्रीच, बर्फ घालून ओतलं होतं. त्यांचा राफ्ट ३.७ मीटर जाड, आमचा दीड. पण ऊन ते ऊनच.

रात्रभर मी मिक्सरच्या तोंडाशी थर्मामीटर घेऊन होते. ३० अंशांच्या वरचं काँक्रीट घ्यायचं नाही, असं ठरलेलं. दोन गाड्या ३४ आणि ३५ दाखवत होत्या, त्या परत पाठवल्या. ड्रायव्हर चिडला, प्लांटवरून फोन आले, साहेबांचाही आला. साहेबांनी आकडा विचारला आणि म्हणाले, "परत पाठवलीस ना? मग झालं." रविवारी सकाळी अकराला शेवटची खेप रिकामी झाली.

त्यानंतर पांघरूण. प्लॅस्टिकचा कागद, त्यावर थर्मोकोल. थर्मोकोल पुरलं नाही. रविवारी दुकान कुठलं उघडं! आमच्या सुपरवायझरचे मेहुणे अक्कलकोट रोड एमआयडीसीत लूम चालवतात. त्यांच्याकडं डागी माल पडून होता, धागा सुटलेल्या, रंग फाकलेल्या चादरी. टेम्पो भरून आल्या. ४३ अंशांच्या उन्हात, ६०० चौरस मीटरवर, मोर-कमळांच्या नक्षीच्या सोलापुरी चादरी आम्ही दोन-दोन थरांनी अंथरल्या. बिगारी हसत होते. अण्णा हसले नाहीत. त्यांना ते पटलंच नव्हतं आणि मी त्यांना बसवून समजावलं नव्हतं. सुपरवायझरला सांगितलं, फिटरला सांगितलं. रात्रपाळीला अण्णा असणार, हे माहीत असूनही त्यांना नाही. ती चूक माझी.

आता पाण्यात उभं राहून त्यांच्यावर ओरडण्यात अर्थ नव्हता. आयुष्यभर त्यांनी तेच केलं होतं आणि ते बरोबरच केलं होतं. स्लॅब टाकला की आळी घाला, पाणी साठवा. स्वतःच्या पगारातून टँकर मागवून कुणाच्या घराचा स्लॅब भिजवणारा माणूस आहे तो. मी फक्त रजिस्टर त्यांच्यापुढे धरलं. "अण्णा, आत ६६ आहे. वर ४१ झालं."

त्यांनी आकडे बघितले, मग पाण्याकडं बघितलं. जरा वेळानं म्हणाले, "आमचा आज्जा विहिरी खणायचा. कातळ लागला की त्यावर जाळ लावायचे आन् वरून गार पाणी ओतायचे. फुटायचा." एवढं बोलून त्यांनी पाइप उचलून लांब फेकला आणि पायानंच आळी फोडायला लागले.

नऊ माणसं उठवली. पाणी वायपरनं ओढलं, पोत्यांनी टिपलं, शक्य तितकं हळू, अंगावरचं पांघरूण फार वेळ उघडं न ठेवता. कोरडं प्लॅस्टिक, थर्मोकोल, त्या कोपऱ्यावर चादरींचे चार थर. साडेसहाला वरचा आकडा ४३. आठला ४५. दहाला ४७, म्हणजे फरक १९. साहेबांना पहाटेच फोन केला होता, ते पुण्याहून निघाले होते. दुपारी येऊन त्यांनी सगळं रजिस्टर वाचलं आणि अण्णांना म्हणाले, "आता रात्रीचा आकडा तुम्हीच घ्यायचा."

अण्णांना वाचता येत होतं, लिहायला हात जड. पुढचे बारा दिवस रजिस्टरमधला रात्रीचा रकाना त्यांच्या मोठ्या, वाकड्या अंकांनी भरला. तो मी जपून ठेवलाय.

पांघरूण काढलं तेव्हा आतलं तापमान बाहेरच्या दुपारच्या जवळ आलं होतं. सगळा राफ्ट स्वच्छ. पाच नंबरच्या कोपऱ्यात मात्र एक चीर होती, हातभर लांब, केसासारखी. गेज लावलं, ०.१ मिलिमीटर. मातीला टेकलेल्या कामाला बांधकामाच्या संहितेत ०.२ पर्यंत चालते. तरी साहेबांना कळवलं, फोटो काढले, तारीख घातली आणि त्यांच्या सल्ल्यानं इपॉक्सी भरून घेतलं. काँक्रीटची ताकद तपासायचे २८ दिवसांचे क्यूब व्यवस्थित पास झाले.

चादरी परत द्यायच्या लायकीच्या राहिल्या नव्हत्या. लूमवाल्यांनी पैसेही घेतले नाहीत. बिगाऱ्यांनी झोपड्यांना आडोशाला नेल्या. अण्णांनी त्या कोपऱ्यावरची एक उचलली. एका कडेला सिमेंटचं पाणी लागून ती फळीसारखी कडक झाली होती. त्यांनी थापीनं टोकं खरवडून बघितली, मग कात्री मागून तेवढी पट्टी कापली, उरलेली चादर झटकली आणि सायकलच्या कॅरिअरला बांधली.